बराकीतला ताप शहरालाही कळू द्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

पावसाळा लागला की पेपरात डेंग्यूचे आकडे येतात, महापालिकेचे येतात, पिंपरी-चिंचवडचे येतात. पण पुण्याला लागून पुणे कॅम्प, खडकी, देहू रोड अशी तीन कॅन्टोन्मेंट आहेत, खडकवासल्याला एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, आणि तिथल्या जवानांना, कॅडेट्सना या आठवड्यात किती ताप आला, किती जुलाब झाले, हे आपल्याला कुठेच वाचायला मिळत नाही. माझ्या मते हे बदलायलाच हवं.

कारण साथ लवकर दिसते ती बराकीत. विशीतली पोरं, देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली, एका हॉलमध्ये खाटेला खाट लावून झोपतात, एकाच मेसमध्ये जेवतात, एकाला झालं की पसरायला वेळ लागत नाही. आणि मुख्य म्हणजे आजारी पडलं की एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, रिपोर्ट करावंच लागतं, त्यामुळे एकूण माणसं किती आणि त्यातली आजारी किती हे दोन्ही आकडे कागदावर असतात. आपल्या पेठांमध्ये माणूस मेडिकलमधून गोळी घेतो आणि कामावर जातो, तो कुणाच्याच मोजणीत येत नाही.

अमेरिकेचं बघा. तिथे रिक्रूट पोरांना अॅडेनोव्हायरसचा ताप-खोकला फार व्हायचा म्हणून 1971 पासून त्यांना नेमाने लस द्यायचे, नंतर कंपनीने ती बनवणं बंद केलं, 1999 पर्यंत साठा संपला आणि ट्रेनिंग सेंटरमध्ये पुन्हा साथी सुरू झाल्या. तिथे तापाची मोजणी सतत चालू होती म्हणून हे आकड्यांत स्पष्ट दिसलं, 2011 मध्ये लस परत आली आणि केसेस धाडकन खाली आल्या. मोजलंच नसतं तर "पोरांना सर्दी होतेच" म्हणून विषय संपला असता.

त्याचा फायदा फक्त फौजेलाच होतो असंही नाही. 2009 चा स्वाईन फ्लू अमेरिकेत पहिल्यांदा हाती लागला तो कॅलिफोर्नियातल्या 10 वर्षांच्या मुलाच्या नमुन्यात, आणि त्यामागे सॅन दिएगोच्या नौदलाच्या संशोधन केंद्राचं काम होतं. त्याच आजाराने भारतातला पहिला मृत्यू त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या पुण्यात झाला, ते दिवस पुणेकर विसरलेले नाहीत.

अर्थात आकडा दिसला की घाबरून धावायचं असंही नको. 1976 ला अमेरिकेतल्या फोर्ट डिक्सच्या छावणीत एक सैनिक नव्या फ्लूने गेला, दोनशेच्या वर जणांना लागण झाल्याचं आढळलं, सरकारने घाईने 4 कोटींवर लोकांना लस टोचली, काहींना त्यातून जीबीएस (हातापायांची ताकद घालवणारा मज्जातंतूंचा आजार) झाला, आणि तो फ्लू छावणीबाहेर पसरलाच नाही. म्हणून आकड्यांसोबत ते वाचणारी अनुभवी माणसंही हवीत, आणि ती आपल्याकडे आहेत, एएफएमसी (लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय) आणि एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) दोन्ही पुण्यातच आहेत ना!

जीबीएसवरून आठवलं, जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात त्याची जी साथ आली तिच्यात कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला. त्याचा संसर्ग झाला की आधी जुलाब होतात, आणि ज्या थोड्यांना पुढे जीबीएस होतो त्यांच्या हातापायातली ताकद जाते ती साधारण एक ते तीन आठवड्यांनी. म्हणजे जुलाबाचे आकडे कुणी रोज बघत असेल तर तेवढा वेळ हातात मिळू शकतो.

सुरक्षेचं कारण पुढे येईल, ते मला मान्य आहे. युनिटचं नाव नको, जवानांची संख्या नको, ठिकाणही नको. दर आठवड्याला हजारी किती ताप, किती खोकला, किती जुलाब, एवढंच महापालिकेच्या आरोग्य विभागाला द्यावं, महापालिकेने आपले वॉर्डनिहाय आकडे त्यांना द्यावेत, आणि दोन्ही मिळून पेपरात छापावेत. येत्या पावसाळ्याआधी कॅन्टोन्मेंट आणि महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून एवढं ठरवावं ही कळकळीची विनंती.

एक वाचक,
वानवडी, पुणे