माझा चुकलेला कंस न खोडणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

काल निकाल लागला. कॅल्क्युलसचा राहिलेला पेपर सुटला. तुम्हाला फोन करायला घेतला, पण आवाजच फुटेना, म्हणून हे पत्र. आणि सगळ्यांसमोर अशासाठी, की वाचनालयात रोज तुमच्या शेजारी बसून पेपर वाचणाऱ्यांनाही कळू दे तुम्ही काय केलंत ते.

माझा प्रश्न एवढाच होता. १ + १/२ + १/३ + १/४ अशी मालिका पुढे जात राहिली, तर पदं लहान लहान होत शून्याकडे जातात. मग बेरीज कुठेतरी अडायला नको का? १/२ + १/४ + १/८ करत गेलं तर १ च्या पुढे कधीच जाता येत नाही, मग हिचंच काय वेगळं? एका दुपारी कॅल्क्युलेटरवर शंभर पदं मिळवून पाहिली होती मी. जेमतेम ५.१८ आले.

वर्गात विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "पी इज इक्वल टू वन, डायव्हर्जंट. लिहून घे." म्हणजे बेरीज कुठेच अडत नाही, पण का, ते नाही. पुन्हा विचारलं, तर मराठी माध्यमातून आलेल्यांना हे झेपत नाही, असं भर वर्गात ऐकवलं गेलं. क्लासला फी भरली, तिथे बेरीज अडते की नाही हे ठरवायच्या कसोट्यांचा तक्ता हातात दिला. तक्ता पाठ झाला आणि पेपर राहिला. त्यानंतर वर्षभर मी कुणालाच काही विचारलं नाही. हे मी विसरलेले नाही.

तुम्ही मात्र विचारलंत, "अडलंय कुठे, बाळ?"

१/३ आणि १/४ भोवती कंस घातलात. "दोन्ही १/४ धरलीस तरी अर्धा होतो." मग १/५ ते १/८. "चार वेळा १/८, पुन्हा अर्धा." आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीत. "पुढचा कंस तू घाल."

मी १/९ ते १/१२ घातला, कारण आधी चारच पदं होती. तुम्ही पाहिलंत. रबर वहीवरच पडलं होतं, ते तुम्ही उचललं नाही. "अर्धा होतोय का बघ," एवढंच म्हणालात आणि खिडकीबाहेर बघत बसलात.

सर, ती दोन-तीन मिनिटं मी जन्मभर विसरणार नाही. माझी चूक समोर होती आणि कुणी माझ्याकडे रोखून बघत नव्हतं. सगळ्यांत मोठं पद १/९, ते चार वेळा घेतलं तरी ४/९, म्हणजे अर्ध्याच्या आतच. मग मी कंस १/१६ पर्यंत ओढला आणि अंगावर काटा आला. आठ पदं, पुन्हा अर्ध्याहून जास्त. पुढे सोळा, मग बत्तीस. अर्धे संपतच नाहीत, तर बेरीज थांबेल कशी! १० ओलांडायलाच हिला १२,३६७ पदं लागतात, हे तुम्ही नंतर सांगितलंत. शंभर पदांत मला काय दिसणार होतं?

हा युक्तिवाद चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेम यांनी मांडला, हेही तुमच्याकडूनच कळलं. आणि दहावीपासून पाठ केलेला 'श्रेढी' हा शब्द भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत आहे, श्रेढीव्यवहार नावाचं आख्खं प्रकरणच आहे, हेही. शाळेची सहल पाटणादेवीला गेली होती, तेव्हा तिथे भास्कराचार्यांचं नाव वाचून आम्ही डबे खायला धावलो होतो. ते आपलेच शिक्षक आहेत, असं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

विचारणाऱ्याची लायकी न काढता उत्तर देणारी माणसं फार थोडी भेटतात. त्यांना वेळ जास्त असतो असंही नाही. तुमच्याकडे त्या दिवशी औषधांची पिशवी होती आणि घरी जायची घाई होती. तरी तुम्ही थांबलात.

वहीचं ते पान तसंच ठेवलंय. चुकलेला कंसही आहे.

गुरुवारी संध्याकाळी पेढे घेऊन वाचनालयात येते. आणि सर, एक नवीन अडलंय. याच मालिकेत एक पद अधिक, एक वजा असं करत गेलं, की ती ०.६९३ च्या आसपास येऊन थांबते. पदं तीच, मग आता का थांबते? पेन्सिल मी आणते.

तुमची विद्यार्थिनी