अडलं तिथलं वाक्य लिहून ठेवा

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर व्याख्यानांना गेले होते. विषय माझ्याच कामाचा. माणसाने यंत्रासमोर बसल्यावर त्याला काय दिसावं, बटण कुठे असावं, चुकलं तर मागे कसं फिरता यावं, हे सगळं. आमच्याकडे त्याला यूएक्स म्हणतात. चार जण बोलले. ऐकताना सारखे तुम्ही दोघं आठवत होतात, म्हणून फोनवर घाईघाईने न सांगता लिहायला बसले.

आई, तू दर वेळी म्हणतेस, "मला नाही गं जमत हे, माझंच काहीतरी चुकतं." मला त्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. ते खरं नाही आणि तू ते म्हणू नयेस असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या बाईंनी दुसऱ्या महायुद्धातली हकिगत सांगितली. अमेरिकेची बी-१७ जातीची बाँबफेकी विमानं धावपट्टीवर नीट उतरायची आणि मग वैमानिक चाकंच आत ओढून घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. कागदावर 'वैमानिकाची चूक' अशी नोंद व्हायची. १९४३ च्या सुमारास अल्फॉन्स चॅपनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना तपासायचं सोडून कॉकपिट तपासलं. चाकांचा खटका आणि पंखांच्या मागच्या झडपांचा, म्हणजे फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी होते, दिसायला आणि हाताला अगदी सारखे. उतरल्यावर फ्लॅप आत घ्यायचे असतात; दमलेल्या माणसाचा हात शेजारच्या खटक्यावर पडायचा. उपाय केवढासा! चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीच्या आकाराचा तुकडा. न बघताही बोटांना कळू लागलं. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून गणलेल्या ४६० प्रसंगांचा अभ्यास मांडला, तेव्हाही बोट पुन्हा पुन्हा यंत्राच्या रचनेकडेच गेलं.

लढाईत मुरलेल्या माणसांचं असं होत होतं, आई. त्यांना कुणी अडाणी म्हणेल का?

आणि तुझं ते नेहमीचं, "जुन्या फोनची बटणं बरी होती, हाताला कळायची." हे म्हातारपणीचं गाऱ्हाणं नाही, हे चॅपनिसचंच म्हणणं आहे. हल्लीच्या स्क्रीनवर सगळी बटणं एकाच काचेची. चाकही गुळगुळीत, पाचरही गुळगुळीत. त्याच बाईंनी २०१७ मधल्या एका अपघाताबद्दल सांगितलं. अमेरिकी आरमाराची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि १० खलाशी गेले. जहाजाचं सुकाणू आणि वेग यांचा ताबा टचस्क्रीनवरून एका टेबलाकडून दुसऱ्याकडे देताना गोंधळ झाला होता. ताबा कुणाकडे आहे हेच चालवणाऱ्यांना नीट कळलं नाही. प्रशिक्षण अपुरं होतं, माणसं थकलेली होती, हीसुद्धा कारणं होतीच. पण नंतर आरमाराने ठरवलं की वेग वाढवण्या-कमी करण्यासाठी पुन्हा हाताने धरायचे दांडेच बसवायचे. मला तेव्हा तुला तिथल्या तिथे फोन करावासा वाटला.

दुसरं व्याख्यान संगणकाच्या इतिहासावर होतं. १९६८ साली डग्लस एंगेलबार्टने हजारभर लोकांसमोर माऊस चालवून दाखवला, त्याबद्दल. छान होतं, पण मला बरंचसं माहीत होतं.

तिसरं मात्र बाबांसाठी. बाबा, पैसे पाठवल्यावर स्क्रीनवर हिरवी खूण येते, तरीही तुम्ही समोरच्याला फोन करून विचारता, "मिळाले का?" घरात सगळे तुम्हाला संशयी म्हणतात. आता ऐका. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझला होता. कामगारांनी मानलं की झडप बंद झाली. दिव्याला खरं म्हणजे एवढंच ठाऊक होतं की झडपेला 'बंद हो' असा हुकूम गेला आहे. झडप बंद झाली की नाही, हे पाहण्याची सोयच त्यात नव्हती. दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टीला थंड ठेवणारं पाणी त्या वाटेने जात राहिलं. त्यातच शंभराहून जास्त धोक्याच्या सूचना एकदम वाजू लागलेल्या, त्यातली कुठली महत्त्वाची हे कोण ओळखणार? अणुभट्टीच्या गाभ्याचा, म्हणजे इंधन असतं त्या भागाचा, मोठा हिस्सा वितळला.

तुमचा प्रश्न नेमका हाच आहे, बाबा. हिरवी खूण काय सांगते? 'तुमची विनंती घेतली' असं, की 'पैसे समोरच्याच्या खात्यात पोचले' असं? बऱ्याच ठिकाणी या दोन्हींना एकच खूण असते. ते बनवणाऱ्याचं काम अर्धं राहिलेलं आहे आणि राहिलेलं अर्धं तुम्ही फोन करून पूर्ण करता. तुम्हाला संशयी म्हणणाऱ्यांना हे पत्र वाचून दाखवा.

मध्ये प्रश्नोत्तरं झाली. मागून एक मुलगा म्हणाला की ही अडचण एका पिढीची आहे, आजची तरुण पिढी म्हातारी झाली की आपोआप सुटेल. बरेच जण माना डोलवत होते. मला ते पटलं नाही आणि मी उठून तसं म्हटलंही. सवय बदलेल, पण डोळ्यांचं काय? वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं, डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश कमी होतो. जवळचं दिसणं तर चाळिशीतच अवघड होऊ लागतं. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं छापायची फॅशन आहे ना, ती तिशीतल्या डोळ्यांनी तिशीतल्या डोळ्यांसाठी काढलेली. वेबसाठीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांत साध्या मजकुराचा रंग आणि मागचा रंग यांत किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा असं लिहिलेलं आहे. वेळेबद्दलही आहे. एखादं पान ठरावीक वेळेनंतर बंद होणार असेल तर आधी इशारा द्यावा, मुदत वाढवून घ्यायला निदान २० सेकंद द्यावेत, अशी एक तरतूद त्यात आहे. आई, तू चष्मा शोधून आकडे कागदावर उतरवून घेईपर्यंत जे पान इशारा न देताच मिटतं, ते या नियमात बसत नाही. नियम आहेत, ते पाळण्याची ओढ कमी आहे, आणि याचा मला राग येतो.

चौथे गृहस्थ यंत्राशी बोलून काम करण्याबद्दल सांगत होते. उशीर झाला होता, लोक उठू लागले होते.

आता माझं काम. चाचणी घेताना आम्ही माणसाला स्क्रीन देतो आणि सांगतो की मनात येईल ते मोठ्याने बोला. "हे काय आहे? इथे दाबू का? दाबलं तर पैसे जातील का?" असं सगळं. आम्ही गप्प बसून लिहून घेतो. मदत करायची नाही, सुचवायचं नाही. पाच-सहा माणसं अशी बोलली तरी मोठे खड्डे बहुतेक सापडतात. म्हणून एक करा. कुठे अडलात तर "जमलं नाही" असं म्हणून सोडून देऊ नका. स्क्रीनवर त्या क्षणी जे वाक्य दिसत असेल ते तसंच्या तसं वहीत लिहा आणि खाली, तुम्हाला काय होईल असं वाटलं होतं तेही. शुद्धलेखनाची काळजी नको. मला ते सोन्यासारखं उपयोगी आहे.

सोमवारी मी आमच्या प्रमुखांना सांगितलं की पुढच्या चाचणीत पासष्टीच्या पुढची माणसं हवीत. ते हो म्हणाले. तुम्हाला दोघांना घेता येणार नाही, कारण माझं काम म्हटल्यावर तुम्ही चांगलंच म्हणाल. पण बाबा, तुमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींपैकी कुणी तयार असेल तर विचारा. साधारण पाऊण तास लागेल, घरबसल्या होईल. त्यांना एवढं मात्र आधीच सांगा की परीक्षा आमच्या स्क्रीनची आहे, त्यांची नाही. ज्यांना फोनचा सगळ्यात जास्त वैताग येतो त्यांना आधी विचारा. महिनाअखेरपर्यंत नावं कळवलीत तर बरं होईल.

तुमची,
लेक