पैसे खिडकीचे, दर्शन पत्र्याचे

महोदय,

मुंबईहून विमानाने गोव्याला येताना समुद्र पाहायचा तर उजवीकडची ‘एफ’ खिडकी, सह्याद्री पाहायचा तर डावीकडची ‘ए’. जाताना उलट. संध्याकाळी ‘एफ’ला ऊन थेट डोळ्यांत येते, त्यापेक्षा सकाळचे विमान बरे. पंखावरच्या रांगा टाळाव्यात; पंखाच्या लगेच मागे बसले तर इंजिनाच्या गरम हवेने खालचे सगळे थरथरते. गोव्याच्या जुन्या दाबोळी विमानतळावर पूर्वेकडून उतरताना उजवीकडे झुवारी नदीचे रुंद मुख आणि डावीकडे वेळसांवपासून दक्षिणेला गेलेली वाळूची पट्टी दिसते. नव्या मोपा विमानतळाला ती मजा नाही, कोणी काही म्हणो. (दाबोळी नौदलाचा तळ, फोटो काढायला बंदी. बघायला नाही.)

आता तक्रार. मुलीकडून परतताना आमच्या हिने जादा पैसे भरून अकराव्या रांगेतली ‘ए’ घेतली. पावसानंतरचा हिरवागार घाट बघायचा होता. शेजारी खिडकीच नाही, नुसता पांढरा पत्रा! विचारले तर, “मॅडम, इथे असंच असतं.” बोइंग ७३७ जातीच्या बऱ्याच विमानांत त्या भागात वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते, म्हणून खिडकी गाळलेली असते. कंपनीला हे ठाऊक असते, तरी आसनांच्या नकाशात ती जागा ‘विंडो’च! गोव्याच्या सरकारी कदंबा बसमध्ये रुमाल टाकण्याआधी खिडकी आहे की नाही ते तरी दिसते.

अशा आसनापुढे ‘खिडकी नाही’ असे छापावे आणि त्याचे जादा पैसे घेऊ नयेत.

– एक ज्येष्ठ वाचक, फोंडा