बाटलीवर खऱ्या मालकाचे नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बिअर महागली की ओरड होते ती सरकारी कराची. 2023 मध्ये बिअरपासूनचा महसूल घटतोय म्हणून राज्य सरकारने समिती नेमली, तीही कराचंच गणित बघायला. मी मिरजेत परमिट रूम चालवतो, एक्साइजवर माझाही राग आहेच. पण कर लागण्याआधीचा भाव कोण ठरवतं, हे कुणी विचारत नाही.

माझ्या फ्रीजमध्ये बाटल्या भरपूर, मालक मोजके. शॉ वॉलेसची हेवर्ड्स साबमिलर या परदेशी बिअर कंपनीने घेतली, 2006 मध्ये फॉस्टर्सचा भारतातला धंदा घेतला आणि 2016 मध्ये अख्ख्या साबमिलरलाच बडवायझरवाल्या एबी इनबेव्हने गिळलं. किंगफिशर दिली की गिऱ्हाईक अजून मल्ल्यांवर विनोद करतं. पण किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजमध्ये 2021 पासून बहुमत हायनेकेनचं आहे, म्हणजे किंगफिशर, लंडन पिल्सनर आणि हायनेकेन एकाच घरच्या. टुबोर्ग-कार्ल्सबर्गचं घर तिसरं. माझ्याकडे नवी नोकरी लागलेली पोरं हेवर्ड्स 5000 मागवणाऱ्या ट्रकवाल्याकडे बघून नाक मुरडतात आणि बडवायझर पितात. दोघांच्या बाटल्यांचा नफा बेल्जियममधल्या एकाच कंपनीचा.

पूर्वी एका सेल्समनने स्कीम दिली नाही की मी दुसऱ्याला सांगायचो, ‘तुझ्या चार पेट्या जास्त टाक.’ विलीनीकरण झालं की माणूस तोच येतो, बॅग तीच, कार्ड तेवढं नवं. एकमेकांच्या उरावर बसणारे ब्रँड एकाच बिलावर आले, मग घासाघीस करायची कुणाशी?

हा नुसता माझ्या गल्ल्याचा प्रश्न नाही. 24 सप्टेंबर 2021 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने निकाल दिला की या तीन कंपन्या 2009 ते 2018 या काळात (कार्ल्सबर्ग 2012 पासून) संगनमताने भाव ठरवत होत्या. त्यात महाराष्ट्राचं नाव ठळक आहे: पुरवठा मिळून आवळणं आणि बाजार वाटून घेणं, दोन्हींत. युनायटेड ब्रुअरीजला सुमारे 752 कोटी, कार्ल्सबर्ग इंडियाला सुमारे 121 कोटी दंड. एबी इनबेव्हला एक पैसाही नाही! साबमिलर ताब्यात आल्यावर तिने स्वतःच आयोगाकडे जाऊन कबुली दिली, म्हणून शंभर टक्के माफी. नियमात बसतं ते, माहीत आहे. पण जगातली सगळ्यात मोठी बिअर कंपनी मोकळी सुटते हे पचत नाही. डिसेंबर 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणानेही निकाल कायम ठेवला. दंड काय, सरकारजमा होणार; ज्यांनी त्या भावाने बाटल्या घेतल्या त्यांना काय मिळणार? दारू पिणाऱ्याची कैफियत ऐकतो कोण, म्हणा.

एबी इनबेव्हने साबमिलर घेतली तेव्हा अमेरिकेत त्यांना मिलरमधला हिस्सा मोल्सन कूर्सला विकावा लागला. युरोपात पेरोनी आणि ग्रोल्श जपानच्या असाहीकडे गेल्या. आपल्याकडे हेवर्ड्स, नॉकआउट, रॉयल चॅलेंज बिअर सगळं एका ताटातून दुसऱ्या ताटात गेलं.

झालेली विलीनीकरणं आता कुणी मोडणार नाही, तशी माझी मागणीही नाही. बाटलीवर आज कारखान्याचा पत्ता असतो, इशारा असतो, एमआरपी असते. त्याच्या शेजारी ‘अंतिम मालक कंपनी’ आणि तिचा देश मराठीत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात छापणं सक्तीचं करावं. लेबलला राज्य उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी दरवेळी लागतेच, त्यात ही एक अट घालायला काय अडचण आहे? आणि पुढची समिती नेमाल तेव्हा कराच्या आधीच्या भावाचाही हिशेब कंपन्यांकडून मागवा.

— एक परमिट रूम चालक, मिरज