सुट्टी आधी काढ

अंबाजोगाई

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

सूनबाईचं पहिलं बाळंतपण परभणीला, माहेरी होणार. तू म्हणालास, बाळ झालं की सुट्टी काढतो. सुट्टी आधी काढ बाबा.

एवढी वर्षं लेबर रूममध्ये नोकरी केली. कळांनी कासावीस झालेल्या पोरीला "गप, समद्याच बाया बाळंत होतात" असं म्हणणारे कितीतरी ऐकले. त्यात तिची स्वतःची माणसंही असायची. मला फार राग यायचा. तिच्या दुखण्याला कुणी असं उत्तर देऊ नये, ही तुझी जबाबदारी. आत कुणाला सोडतात ते दवाखान्यात आधीच विचार. सरकारी दवाखान्यात सहसा बाईमाणसालाच सोडतात. तसं असेल तर तिची आई आत, तू दाराशी.

पहिलटकरणीला वेळ लागतो. पिशवीचं तोंड दहा सेंटिमीटर उघडेपर्यंत कळा वाढतच जातात. सुरुवातीला डॉक्टर हो म्हणतील तेवढं तिला चालू-फिरू द्यावं. कळ आली की तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या वर जोर देऊन दाबायचं, गरम पाण्यात पिळलेला फडका ठेवायचा. उताणं पडून राहू देऊ नका. गर्भाच्या भाराने पाठीकडची मोठी शीर दबते आणि बाळाकडे रक्त कमी जातं. डाव्या कुशीवर बरं.

एवढ्याने भागलं नाही तर एपिड्युरल असतं. भूलतज्ज्ञ कमरेच्या मणक्यांमधून बारीक नळी सरकवतात आणि तिच्यातून थोडं थोडं औषध देतात. बाई जागी असते, कळ कळते, पण ती सोसवते. बीपी उतरू शकतं, म्हणून तिच्यावर आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. शेवटी जोर करायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. पण त्याने सिझर वाढत नाही, आणि कंबर जन्माची जाते हेही खरं नाही. कंबर तर कोणत्याही बाळंतपणानंतर दुखू शकते की. तुझ्या मावश्या काय वाट्टेल ते सांगतील, त्यांना मी बघते.

व्हिक्टोरिया राणीने १८५३ साली आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला होता. आपल्या पोरींनी मात्र अजून मागायलाही लाजायचं!

घ्यायचं की नाही, हे ती ठरवेल. नको म्हणाली तर नको. कळा सुरू झाल्यावर मन बदललं, तर तेही चालेल. तुझ्या सासूबाईंनाही हे आधी नीट सांग, ऐनवेळी वाद नको.

एक मात्र आजच कर. त्या दवाखान्यात रात्री-बेरात्री भूलतज्ज्ञ येतात का, एपिड्युरलचा खर्च किती, आणि रक्ताच्या कोणत्या तपासण्या आधी लागतात, हे विचारून घे. येत नसतील तर दुसरा दवाखाना बघायला अजून वेळ आहे. काय म्हणाले ते संध्याकाळी फोन करून कळव.

तुझी,
आई