बचतीची फाइल निर्णयापर्यंत पोचते, तोवर बचत जमिनीत गाडलेली असते

मा. बांधकाम मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

कंत्राटदाराने खर्च वाचवणारा बदल सुचवला, तर तीस दिवसांत निर्णय देऊ, असं आपण जाहीर केलंत. परवा पुलाचे पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल ओतायचे काँक्रीटचे खांब, आखूड करण्याचा प्रस्ताव परत आला. शेरा: ‘काम पूर्ण झाल्याने विषय निकाली.’ अभिनंदन!

हिशेब बघा. १.२ मीटर व्यासाचे १२० पाइल. लोड टेस्टनुसार (भार पेलण्याची चाचणी) प्रत्येकी ४ मीटर कमी लांबी पुरत होती, म्हणजे पाइलमागे साडेचार घनमीटर काँक्रीट, एकूण ५४० च्या आसपास. सळई वेगळी. रिग, म्हणजे पाइलसाठी खोदणारं यंत्र, दिवसाला दोन पाइल करते. आपली तीस दिवसांची मुदत पाळली असती, तरी निम्मी बचत गेलीच असती. साठ दिवसांत सगळी गेली.

फाइल अडते कारण मंजुरी देणाऱ्याला लेखापरीक्षक विचारतो, ‘मग मूळ संकल्पन चुकीचं होतं का?’ नामंजूर करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. त्यात छाननी मूळ संकल्पन (डिझाइन) करणाऱ्या सल्लागाराकडेच. त्याची फी प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीवर असेल, तर बघायलाच नको.

फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या रेड बुकात, म्हणजे बांधकाम कराराच्या नमुन्यात, कलम १३.२ आहे: बचतीतला निम्मा वाटा कंत्राटदाराला, दर्जा किंवा आयुर्मान घटत असेल तर तेवढं मूल्य आधी वजा. असं कलम निविदेतच हवं. आधी दोन पानी टिपण, त्यावर सात दिवसांत ‘पुढे जा’ किंवा कारणासह ‘नको’. मग नकाशे, परिमाणं, निविदेतल्या दराने फरक, फेरसंकल्पन आणि चाचण्यांचा खर्च वजा, देखभालीवरचा परिणाम. आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरात: ‘या तारखेनंतर निर्णय निरुपयोगी’. छाननी त्रयस्थ अभियंत्याकडे. लेखी मंजुरीपर्यंत काम मूळ नकाशाप्रमाणेच. बदललेल्या भागाची जबाबदारी कंत्राटदाराची.

कंत्राटदार काही संत नाहीत, मान्य. जलरोधक थर गाळायचा आणि त्याला बचत म्हणायचं, असले प्रस्ताव येतातच. ते फेकायला एक दिवस पुरतो, पण त्यांच्याच गठ्ठ्यात चांगलेही पडून राहतात. आणि अधिकाऱ्याने तरी का वाचवावं? निधी खर्ची पडला नाही, तर पुढच्या वर्षी कात्री. उधळणाऱ्याची प्रगती ‘समाधानकारक’, वाचवणाऱ्याची चौकशी!

तेव्हा कृपा करून या पत्रावर ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा मारून ते खाली पाठवू नका. खालून ते अभिप्रायासाठी त्याच सल्लागाराकडे जाईल.

आपला,
एक स्थापत्य अभियंता