चिमीच्या मानेविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "दिवसभर मोबाईलमध्ये डोके घातल्यावर मानेचे दुसरे काय होणार?" त्याला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र. चिमीची मान बिघडली, म्हणजे तिची कमान जाऊन ती सरळ झाली, म्हणून पाठ वाकडी झाली, असे मीही धरून चालले होते. प्रत्यक्षात ते उलटे आहे, हे डॉक्टरांनी तिचे दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले तेव्हा कळले.

पहिला एक्स-रे पाठीमागून घेतलेला. त्यात छातीच्या पातळीवर कणा उजवीकडे धनुष्यासारखा झुकलेला दिसतो आणि तो कोन ३१ अंशांचा आहे. हा कोन मोजण्याची रीत जॉन कॉब या अमेरिकन शल्यविशारदाने १९४८ मध्ये मांडली. १० अंश किंवा अधिक भरला की त्याला स्कोलिऑसिस म्हणतात. वाढीच्या वयात शंभरातल्या दोन-तीन मुलांत तो आढळतो आणि मोठे बाक मुलींत अधिक असतात. घराण्यातून येण्याचा त्यात काही वाटा आहे, परंतु दप्तराचे ओझे किंवा पोक काढून बसणे हे त्याचे कारण नव्हे.

दुसरा एक्स-रे कडेने घेतलेला, आणि मानेचे उत्तर त्यात आहे. कडेने पाहिले तर कणा मुळात सरळ नसतोच : पाठीचे बारा मणके मागच्या बाजूला फुगीर असतात आणि मानेचे सात मणके पुढच्या बाजूला. पाठीला असा मागे फुगवटा असला की तिचा सर्वांत वरचा मणका पुढे उतरता होतो, जणू तिरका मांडलेला पाट. त्यावर उभ्या राहणाऱ्या मानेला नजर समोर ठेवण्यासाठी मागे वळावे लागते आणि तिची कमान तयार होते. स्कोलिऑसिसमध्ये कणा नुसता बाजूला झुकत नाही, मणके स्वतःभोवती पिळले जातात आणि पाठीचा तो नैसर्गिक फुगवटा पुष्कळदा सपाट होतो. मग पाटाचा उतार कमी होतो, मानेला वळण्याची गरजच उरत नाही, आणि ती सरळ उभी राहते. काही मुलांत तर उलटी, पुढे झुकते. चिमीची सरळ आहे. डॉक्टरांनी पेन्सिलीने तिच्या वरच्या मणक्यावर एक रेघ ओढून दाखवली. ती जवळजवळ आडवी होती.

म्हणूनच, बाबा, "हनुवटी वर, मान ताठ" हे आता सोडून द्या. माझ्या लहानपणी तुम्ही जाता-येता मानेवर दोन बोटे टेकवायचात, ते मला अजून आठवते आणि त्यात माया होती हेही कळते. पण तिची नजर मुळातच समोर आहे, तेव्हा हनुवटी उचलून ती फक्त छताकडे पाहील. शिवाय आरशासमोर ती आधीच एक खांदा खाली ओढून पाहत असते.

मानेवर वेगळा उपचार सध्या नाही. उपचार पाठीवर आहे, तो म्हणजे ब्रेस, अंगावर घालायचा कण्याला आधार देणारा पट्टा. तिची उंची अजून वाढते आहे, त्यामुळे बाक वाढण्याचा धोका आहे आणि ब्रेसचा उपयोगही याच काळात होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या हद्दीपर्यंत, म्हणजे ५० अंशांपर्यंत, गेला नाही. न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते, आणि जितके तास जास्त तितका फायदा जास्त. तिला रोज १८ तास सांगितले आहेत. आई, "जरा वेळ काढ गं, उकडत असेल" असे तू मायेने म्हणशील, म्हणून आधीच विनवते : ते तास मोजू दे.

मान सरळ असल्याने आज तिला काही त्रास नाही. हातांना मुंग्या येणे, पकड सुटणे, चालताना तोल जाणे, यांतले काही दिसले तर मात्र मला त्याच दिवशी कळवा. पुढचा एक्स-रे सहा महिन्यांनी आहे. त्यात चार-पाच अंशांचा फरक मोजण्यातलाही असू शकतो, म्हणून आकडा थोडा पुढे-मागे झाला तर घाबरू नका. मागचा आणि कडेचा, दोन्ही कोन मी लिहून पाठवीन.

तुमची,
थोरली